रोशनबीच्या तोंडातली लाईट

मी लाईट बोलतेय. छताला टांगलेली ट्यूब नव्हे हां, आणि खांबावरची तारही नव्हे. मी नुसता शब्द आहे. तुमच्या घरात उठता-बसता माझं नाव निघतं, पण कधी कुणी मला 'बस जरा, काय म्हणतेस?' असं विचारलेलं नाही. आज न विचारताच बोलते.

माझं माहेर सातासमुद्रापलीकडचं. तिकडं मी ना बाई, ना पुरुष. इकडं आले आणि लोकांनी मला बाई करून टाकलं. लाईट आली, लाईट गेली, कुठं तडमडली मेली! उजेड, दिवा, बत्ती ही इथली जुनी मंडळी. त्यांच्या घरात पाहुणी म्हणून शिरले आणि ऐसपैस पाय पसरले. वीज मी, बल्ब मी, महिन्याचं बिलही मीच. साडीच्या दुकानात बाई म्हणते, 'जरा लाईट कलर दावा की,' तिथं फिक्का रंगही मी. कुणी चिडला की दोस्त म्हणतो, 'लाईट घे की लेका,' तिथं मी नुसती मस्करी. गगनबावड्याला पावसात मी दिवसदिवस तोंड दाखवत नाही, मग लोक मला शिव्या घालतात. घालू देत. तेवढ्यापुरती तरी आठवण काढतात.

पण मी खरी नांदले ती कोडोलीत, गौस आणि रोशनबीच्या घरात. गौस लग्नाच्या मांडवाला, गणपतीला, उरुसाला रोषणाई करायचा. सगळा गाव त्याला लाईटवाला गौस म्हणायचा. सकाळी अंगणात माळा पसरायच्या, त्यातला गेलेला बल्ब रोशनबीनं हुडकायचा, नवा बसवायचा. गौस शिडीवरून म्हणायचा, "रोशन, सोड लाईट," की ती बटण दाबायची. माळ पेटली की दोघं एकमेकांकडं बघून उगाच हसायची. इतकी वर्षं तेच काम, तरी हसायची. मला फार बरं वाटायचं त्या घरात.

मग एका सकाळी भाकरी थापताना रोशनबी चुलीपुढंच कलंडली. अर्धांगवायू. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. सगळे शब्द एकाएकी पसार झाले. पाणी, भूक, नवऱ्याची हाक, लेकाचं नाव, नमाजाचे शब्दसुद्धा. मागं राहिले मी एकटी. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एखादाच शब्द तोंडात बसून राहतो. मीच का राहिले, ते मलाही ठाऊक नाही.

तेव्हापासून ती कशासाठीही मलाच बोलवायची. तहान लागली, लाईट. कूस बदलायची आहे, लाईट. आणि घरातली माणसं? ती उठून बटण दाबायची! उजैर, म्हणजे तिचा लेक, तो तर कॉटजवळून जाता-येता आधी बटणावर हात ठेवायचा. ट्यूब चालू, ट्यूब बंद, ट्यूब चालू. शेजारची चिमणाबाई एकदा म्हणाली, "घर हाय का थेटर रं तुमचं?"

एकट्या गौसला कळायचं. तो ट्यूबकडं बघायचाच नाही, तिच्या तोंडाकडं बघायचा. तुटक म्हटलं की पाणी. लांबवून म्हटलं की उठवून बसव. शेवटी सूर वर गेला की ती काहीतरी विचारते आहे. तो समोर बसून गावभरच्या गोष्टी सांगायचा आणि ती मधेमधे मला टाकायची, कधी लाडानं, कधी फणकाऱ्यानं. मी आयुष्यात एवढी कामाला कधी आले नव्हते. एका शब्दावर दोघांचा संसार चालला होता, आणि चांगला चालला होता.

मागच्या थंडीत उरुसाच्या माळा उतरवताना गौसच्या छातीत कळ आली. उजैरनं त्याला कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. तिथंच तो गेला.

मय्यत घरी आणलीच नाही. शेजारच्या गल्लीत गौसच्या थोरल्या भावाचं घर आहे, तिथं नेली. उजैरनं बायकोला, मेहकला, बाजूला घेऊन बजावलं, "अम्मीला कायबी सांगायचं न्हाय. तिला कळत न्हाय आता काय. आन् कळलंच, तर सोसायचं न्हाय."

मेहक म्हणाली, "पण तोंड तरी बघू दे की त्यास्नी."

"न्हाय म्हटलं न्हवं? एक गेला, आता दुसरीबी घालवायची हाय का?"

पोरगा वाईट नव्हता हो. भ्याला होता. त्या दुपारी मेहक टीव्हीचा आवाज मोठा करून सासूजवळ बसली. बायकांचं रडणं भिंतीवरून येतच होतं. रोशनबीनं मान वळवली आणि सूर वर नेऊन मला विचारलं, "लाईट?" मेहकनं डोळ्याला पदर लावला आणि बटण दाबलं. पुन्हा, "लाईट?" पुन्हा बटण. तेवढ्यात बाहेरून जनाजा कबरस्तानाकडं गेला. तिच्या जिभेवर मी धडपडत होते. मला एवढं सगळं होता येतं, पण तिच्या नवऱ्याचं नाव काही होता आलं नाही. माझा इतका राग मला कधी आला नव्हता.

पुढं रोज संध्याकाळी ती दाराकडं बघून तेच विचारायची. उजैर सांगायचा, "अब्बा चंदगडला गेल्यात, मोठं काम हाय." ती त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत राहायची. जेवण कमी झालं. माणसं म्हणाली, वय झालं आता.

शेवटी चिमणाबाईला राहवलं नाही. एक दिवस ती भाजी घेऊन आली, रोशनबीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या बघितल्या आणि तिथंच मटकन खाली बसली. "आरं उजैर, हिची वाचा गेलीया, काळीज न्हाय गेलं. कुठवर फसवणार हिला?" उजैर आडवा यायच्या आत तिनं रोशनबीचा हात धरला. "रोशनबी, भावजी गेलं गं. दवाखान्यातच गेलं. माती बी झाली त्यांची."

रोशनबी रडली नाही. डाव्या हातानं तिनं आपला लुळा उजवा हात उचलला आणि कॉटच्या लोखंडी पट्टीवर आपटला. बांगड्या फुटल्या. मग दुसऱ्या हातातल्या. कळत नव्हतं म्हणे तिला!

मग तिनं उजैरकडं बघितलं आणि मला उच्चारलं, सावकाश, खालच्या आवाजात. त्याचा अर्थ एकटी मीच जाणते, म्हणून सांगते. ती म्हणाली, 'मला त्यांचं तोंड बघू द्यायचं होतंस रे.'

उजैर उठला आणि त्यानं बटण दाबलं.

हात बटणावरच होता तेव्हा त्याला उमगलं आपण काय केलं ते. तो तिथंच भिंतीला टेकून पोरासारखा रडायला लागला. पण रोशनबीनं तोंड भिंतीकडं केलं होतं. त्या दिवसापासून तिनं मला बोलावलेलं नाही. तहान लागली तरी नाही.

बाबांनो, तुमच्या घरात कुणाची वाचा गेली असेल, तर त्याच्या तोंडाकडं बघत जा. त्याच्या वाटणीचं दुःख तुम्ही दाबून ठेवू नका, ते त्याचं असतं. तुमच्या घरात मी येत-जात राहीनच. त्या घरात मात्र आता उजैर रोज कॉटशेजारी खाली बसतो, आईचे पाय धरतो आणि विनवतो, "अम्मी, एकदा म्हण की. एकदाच लाईट म्हण." ती त्याच्याकडं बघते आणि तोंड मिटून घेते.