बारा एकोणचाळीसचा मुहूर्त

गुजरातेत वढवाणच्या पुढच्या माळावर देशाची स्वतःची चिप बनणार होती. ती बुडवायला परका शत्रू लागला नाही. चिमूटभर कुंकू पुरलं.

तैवानात दोन वर्षं राबून आलेल्या चारुल झालावाडियाने इथल्या मुलींकडून एकच धडा गिरवून घेतला होता: नखशिखांत पांढरा पोशाख चढवल्याशिवाय चिपच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. तिथे धुळीचा कण म्हणजे धोंडा. हे सगळ्यांत पक्कं शिरलं ते जल्पा मकवाणाच्या डोक्यात.

उद्घाटनाच्या दिवशी बारा एकोणचाळीसच्या विजय मुहूर्ताला कारखान्याचे मालक शेठ विनुभाई शास्त्रीजींना घेऊन त्या खोलीच्या दाराशी आले. हातात थाळी, अगरबत्ती पेटलेली. जल्पा दार अडवून उभी.

"शेठ, स्वस्तिक बाहेर काचेवर काढा ना. आत नाही चालणार."

"देवाला काय काचेबाहेर उभं करू? चारुलबेन, या छोकरीला एवढी शहाणी कुणी केली?"

"बेननीच," जल्पा म्हणाली.

लोक खिदळले. चारुलच्या जिभेवर 'नाही' आलं होतं. पण प्रमुखाची खुर्ची तिला त्याच आठवड्यात मिळाली होती.

"जल्पा, सोड त्यांना. दोनच मिनिटं."

यंत्रावर कुंकवाचं स्वस्तिक उमटलं, वर अक्षता, धूर, फोटो. नारळ बाहेर फोडला, एवढीच देवाची कृपा. खोली धुवायला महिना हवा होता; शेठनी चार दिवस दिले. पहिला माल गिऱ्हाइकाने जसाच्या तसा परत पाठवला आणि पुढची मागणीही मोडली.

चौकशी झाली. अहवालात कुंकू हा शब्दच नव्हता. 'ऑपरेटर जल्पा मकवाणा हिचा निष्काळजीपणा' होता, खाली चारुलची सही. आपण टिकलो तर कारखाना तरी टिकेल, अशी तिने मनाची समजूत घातली. सगळे भेकड हेच म्हणतात.

ओळखपत्र परत करायला जल्पा तिच्या टेबलाशी आली.

"बेन, अमदावादला मुलाखत आहे. मोठा माणूस दारात आला तर काय करशील, असं विचारलं तर?"

"अडवीन म्हण."

"आणि कुणी शिकवलं म्हणाले, तर तुमचं नाव घेऊ?"

चारुलने ओळखपत्र उचलून खणात टाकलं.

"राहू दे," जल्पा म्हणाली. "नाही घेत. तुमची पंचाईत होईल."

ती निघाली. फाटकापर्यंतचा रस्ता लांबलचक होता. हाक मारायला चारुलपाशी भरपूर वेळ होता.