नौफाचा कॅमेरा

रमादीच्या गॅरेजवस्तीत हाजी सब्बारने आम्हाला आत घेतलं, शटर अर्ध्यावर ओढलं आणि माझ्या बहिणीला, नौफाला, म्हणाला, "उम्म धारी, आज तुम्ही मला ओळखत नाही आणि मी तुम्हाला ओळखत नाही."

"मग नावाने हाक कशाला मारता?" नौफा म्हणाली. धारी तिचा मुलगा, म्हणून उम्म धारी, धारीची आई.

तो हसला नाही. जुन्या टायरांच्या मागून त्याने खाकी पेटी ओढली. आत कॅमेरा होता. लष्करी, अंगाची ऊब टिपणारा. अंधारात, धुक्यात, कुठेही, आठ किलोमीटरवरचा माणूस पडद्यावर पांढरा उमटतो, असं त्याचं म्हणणं. लांबट, जड, आणि कुठल्या सैन्याचा ते जिथे लिहिलेलं असतं ती जागा कानशीने घासून साफ केलेली.

नौफाला तो चिमासाठी हवा होता. आमच्या रुतबाकडे पाऊस चांगला झाला की थंडीच्या शेवटी वाळवंटात जमिनीखाली चिमा फुगते, बटाट्याएवढं अळंबंच म्हणा. ती काढून विकली की वर्ष निघतं. गेल्या मोसमात चिमा काढताना बंदूकवाल्यांनी तिच्या नवऱ्याला, मुतलकला, उचलून नेलं. बाराव्या दिवशी सापडला. कसा सापडला ते मी सांगणार नाही. यंदा पाऊस त्याहून चांगला झाला होता आणि अकरा बायका नौफाच्या भरवशावर निघणार होत्या. "आपण त्यांना दिसायच्या आधी ते मला दिसले पाहिजेत," एवढंच ती म्हणाली, आणि दोन उंटिणी विकून आली.

मी फ्रिज दुरुस्त करतो. या जातीच्या कॅमेऱ्याच्या पोटात एक छोटं थंड करणारं यंत्र असतं. ते गेलं की कॅमेरा म्हणजे नुसता लोखंडी डबा. म्हणून तिने मला आणलं होतं. हाजीने बटण दाबलं. मी कान लावला. सहा-सात मिनिटं आत घरघर चालली. थोडी खरखर होती, पण दम होता.

"चालेल," मी म्हणालो. "किती वापरलाय पण?"

"ज्याने वापरला त्याला विचारायला आता जाता येत नाही."

छतावर नेऊन त्याने कॅमेरा तिपाईवर बसवला. ढगाळ दुपार होती. पडद्यावर महामार्गावरची चौकी आली. एक शिपाई मान खाजवत होता. दुसऱ्याच्या हातातला चहाचा पेला त्याच्या चेहऱ्यापेक्षा पांढरा. आणि पडद्याच्या मधोमध एक बारीक काळी फुली. कॅमेरा ज्याच्याकडे वळवाल त्याच्या छातीवर ती जाऊन बसे.

"ही फुली काढता येते?" नौफाने विचारलं.

"नाही येत."

ती बराच वेळ त्या शिपायाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आपल्यालाही कुणी असंच बघत असेल."

"म्हणून तर घेताय," हाजी म्हणाला. जाता जाता मला बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "पकडलात तर कुठून आणला ते सांगू नका. आणि कशासाठी घेतला हे तर सांगूच नका. खरं कुणाला पटायचं नाही."

रुतबा लांब होतं आणि वाटेत चौक्या होत्या. कॅमेरा मी एका बिघडलेल्या फ्रिजमध्ये ठेवला, वर जुन्या गोधड्या कोंबल्या, दाराला दोरी बांधली आणि फ्रिज पिकअपमध्ये आडवा टाकला. दोन चौक्या पार झाल्या. तिसरीवर शिपायाने फ्रिजवर थाप मारली.

"कुणाचा?"

"गिऱ्हाइकाचा, अबू खलील," मी म्हणालो. सगळ्याच शिपायांना आम्ही अबू खलील म्हणतो. "दुरुस्तीला नेतोय."

"म्हणजे उस्ता, मिस्त्री आहेस तू. उतर खाली. आमचा पाण्याचा कूलर चार दिवस गरम पाणी देतोय."

मी उतरलो. त्यांच्या खोलीत कूलरसमोर बसलो. खिडकीतून पिकअप दिसत होती. दुसरा एक शिपाई फ्रिजला रेलून सिगारेट ओढत होता आणि दोरीच्या गाठीशी उगाच चाळा करत होता. पुढच्या सीटवर नौफा ताठ बसलेली.

"थंडीत घाम येतोय तुला, उस्ता," पहिला म्हणाला.

"साखर आहे मला."

"मग चहा बिनसाखरेचा देतो."

वायर सुटली होती, ती जोडली. कूलर सुरू झाला. त्यांनी चहा पाजला आणि सोडलं. पिकअपने वळण घेतल्यावर नौफा म्हणाली, "थांब जरा." उतरून ती रस्त्याकडेला ओकली.

आठ दिवसांनी आम्ही चिमाला गेलो. सकाळी नऊची वेळ, पातळ धुकं. बायका पसरून जमीन उकरत होत्या. मी पिकअपच्या मागच्या फळीवर उभा राहून कॅमेरा हळूहळू फिरवत होतो. दक्षिणेला साधारण दीड किलोमीटरवर एका घळीत मला दोन पांढऱ्या आकृत्या दिसल्या. पालथ्या पडलेल्या, डोकी आमच्याकडे. शेजारी मोटरसायकल, तिचं इंजिन अजून तापलेलं.

"नौफा," मी म्हणालो. पडद्याकडे बोट दाखवलं.

ती वर चढली, बघितलं आणि तिने माझी बाही घट्ट धरली. "मुतलकच्या वेळीही असेच घळीत पडून होते." मग ठरल्याप्रमाणे तिने लाल फडकं काठीला बांधून वर केलं. बायका कुदळी टाकून, आवाज न करता, वाकून परत येऊ लागल्या. अकरा जणी, आणि एकेक जण यायला इतका वेळ. मी फुली त्या दोघांवरून हलू दिली नाही.

शेवटची बाई गाडीपाशी पोचली आणि ते दोघे उठले. आमच्याकडे येतील असं वाटलं. पण ते उलट्या दिशेला पळाले, जुन्या युद्धातल्या मातीच्या बांधाकडे. तिकडे जमिनीत सुरुंग आहेत, आमच्यातलं कुणी जात नाही.

"तिकडे नको," नौफा पुटपुटली, जणू त्यांना ऐकू जाणार होतं.

पडदा अख्खा पांढरा झाला. आवाज यायला पाच-सहा सेकंद लागले. पडदा निवळला तेव्हा एक आकृती आडवी होती आणि तिच्या पायाजवळ जमिनीवर पांढरा डाग पसरत होता. कडेने तो करडा पडत चालला होता. रक्त निवत होतं. दुसरी आकृती डोक्याला हात लावून जागीच उभी. तिच्या पोटावर एक मोठा काळा, थंड गोळा लोंबत होता.

नौफाने तो बघितला. "पिशवी आहे ती, शलाश. चिमाची पिशवी. हे आपल्यासारखेच आहेत. तुला बघून पळाले."

"सापळा असेल."

"असेल," ती म्हणाली आणि उतरून चालू लागली. मग मला गाडी काढावीच लागली.

बांधापाशी त्यांच्या पावलांचे ठसे ओल्या मातीत उमटले होते. नौफा त्या ठशांवरच पाय ठेवत गेली, मी तिच्या ठशांवर. दुसरी आकृती बाई होती, तिशीची. आम्हाला बघून ती गुडघ्यांवर बसली. "चिमा घ्या, मोटरसायकल घ्या. त्याला मारू नका." तो तिचा नवरा, हुवेदी. नौफाने डोक्यावरचं कापड फाडून त्याची मांडी आवळली. त्या बाईला तिने त्याचं डोकं मांडीवर घ्यायला लावलं.

त्याला गाडीत घालून निघालो, आणि रुतबाच्या चौकीवर जखमीला बायकांसह पुढे सोडलं. तिपाईवरचा कॅमेरा मात्र उघडा राहिला होता, झाकायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मला तिथेच उतरवून घेतलं. नऊ दिवस मी बिनखिडकीच्या खोलीत होतो. कुणासाठी बघत होतास, हा एकच प्रश्न. चिमा काढणाऱ्या बायकांसाठी, हे मी किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही. हाजी म्हणाला होता तसंच झालं, कुणाला पटलं नाही. हाजीचं नाव मी घेतलं नाही, पण ते धैर्य नव्हतं. त्याचीही भीतीच होती.

सोडवलं ते हुवेदीच्या बायकोने. ती त्या अधिकाऱ्यापुढे जाऊन म्हणाली, "यांनी माझ्या नवऱ्याला उचलून आणलं." आम्ही त्यांच्याकडे कॅमेरा रोखला होता हे तिने सांगितलं नाही. हुवेदीचा पाय गुडघ्याखालून गेला. कॅमेरा त्यांनी ठेवून घेतला.

मी हुवेदीला भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "माझ्या बायकोची नजर लांबची. धुकं जरा विरलं तसा गाडीवर उभा माणूस दिसला तिला, आणि तिपाईवर नळी. आमच्याकडे रोखलेली. तू असतास तर काय केलं असतंस?"

मी म्हणालो, "पळालो असतो."

नौफा पुढच्या मोसमात पुन्हा गेली, नुसतं फडकं आणि काठी घेऊन. मी गेलो नाही. अजूनही टेकडीवर कुणी उभं दिसलं की मी हात खिशातून बाहेर काढतो आणि ते रिकामे आहेत हे दिसेल असे धरून चालतो.