बॉयलरखालचा कागद

सेलूच्या एका कापसाच्या जिनिंग मिलमध्ये उभी हयात फिटर राहिलेल्या उद्धवरावांनी घरी बसल्यावर एकच काम हाती घेतलं होतं. कधीच भंगारात गेलेल्या तिथल्या वाफेच्या इंजिनाचं हातभर लांबीचं मॉडेल. त्याला आता चौथं वर्ष लागलं होतं. चाक फिरायचं, शिट्टीही वाजायची. पण बॉयलरखालच्या स्पिरिटच्या दिव्यानं मॉडेलखालचा सागवानी पाट दोनदा करपला. दोन्ही वेळा सगळं उकलून नव्यानं बसवावं लागलं. बोटं ठणकत, बारके स्क्रू दिसत नसत.

"मिलमधली ती अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी हाय की माळ्यावर," त्यांच्या पत्नी कस्तुराबाई म्हणाल्या. "ती लावा अन् मोकळे व्हा एकदाचे."

उद्धवरावांनी नकारार्थी मान हलवली. वर्षानुवर्षं तसली दोरी भट्टीला गुंडाळताना तिचं कुसळ छातीत जाऊन त्यांचा मिलमधला जोडीदार लिंबाजी खोकून खोकून गेला होता. शेवटी शेवटी त्याला उताणं झोपतासुद्धा येत नव्हतं. मागं बायको कडूबाई राहिली होती.

परभणीला कॉलेजात शिकवणारी लेक उत्तरा रविवारी आच सोसणारा सिरॅमिक पेपर घेऊन आली. पांढराशुभ्र, टीपकागदासारखा मऊ.

"बाबा, ह्याचंबी बारीक कुसळ नाकात जाऊ द्यायचं न्हाई," म्हणत तिनं मास्क आणि हातमोजे पुढे केले.

उद्धवरावांनी कागद कापला, पाटावर दोन थर अंथरले, वर पितळी पत्रा बसवला. एवढ्यातच दुपार सरली. मग अंगणात दिवा पेटवला. पाच मिनिटांत पत्र्याखालून धूर आला, कागदाची कड तपकिरी पडली, करपट वास सुटला. त्यांनी दिव्यावर टोपण घातलं आणि ओट्यावर बसकण मारली.

"बास झालं. लिंबाजीची आठवण म्हणून करायलो होतो. आता न्हाई होत माझ्यानं."

उत्तरानं पाटाला खालून हात लावला. गार होता.

"कागद जळाला न्हाई, बाबा. त्याच्यातला डिंक जळायलाय. पहिल्या खेपेला धूर होतोच, पाकिटावर लिहिलंय."

"मग आधी सांगायचं की!"

"मी तरी आत्ताच वाचलं."

दिवा पुन्हा लागला. धूर विरळ होत थांबला, कागदाची कड हळूहळू पांढरी झाली. वाफ धरली आणि चाक फिरू लागलं. स्पिरिट संपेपर्यंत थांबलं नाही. पाट शाबूत होता.

कस्तुराबाई हात पुसत बाहेर आल्या. "लिंबाजीच्या कडूबाईला बघायला बोलवू का? जवळच तर हाय."

"उद्या बोलव," उद्धवराव हातमोजे काढत म्हणाले. "आज मला जरा पडू दे."