दाढेतल्या किड्यांची बाटली

"दात उपटू नका, किडा उपटा!"

कर्ण्यातून आवाज घुमत होता आणि शिलाई मशीनच्या दुकानामागच्या रिकाम्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाचा गाल टम्म सुजलेला, कुणी जबड्याला रुमाल आवळलेला, कुणाच्या कडेवर रडून दमलेलं पोर. ज्यांचं काहीच दुखत नव्हतं तेही आले होते. चमत्कार फुकट बघायला मिळत असेल तर घरी कोण बसतं?

मधोमध खुर्चीवर दंतसम्राट बसले होते. ही पदवी त्यांना त्यांनीच दिलेली होती, त्यामुळे देताना हात आखडता घेतलेला नव्हता. पुढ्यात पाण्याने भरलेली मोठी परात, परातीच्या मधोमध एक वीट, शेजारी पेटलेली शेगडी. शेगडीत लोखंडाची चकती लालबुंद झाली की सम्राट ती चिमट्याने उचलून विटेवर ठेवत. रोग्याने परातीवर वाकून आ करायचा. मग सम्राट चकतीवर चिमूटभर 'औषध' टाकत आणि रोग्याच्या डोक्यावरून परातीसकट एक जाड चादर ओढून घेत. आत धूर, खोकला, तडतड. बाहेर सम्राटांचं भाषण.

"डॉक्टर काय करतो? तोंडात बॅटरी मारतो, आरसा घालतो, हत्यारं घालतो! मी? मी तोंडात डोकावतसुद्धा नाही! चोराच्या घरात सम्राट कशाला शिरेल? चोरच हात जोडून बाहेर येतो!"

चादर निघायची आणि पाण्यावर खरंच किडे तरंगत असायचे. बारीक, पांढरे, अंगाचं वेटोळं केलेले, एखाद्याचं टोक काळपट. गर्दीतून "अबबब!" निघायचं. सम्राट कापसाच्या बोळ्याने ते टिपून इवल्याशा काचेच्या बाटलीत भरत आणि रोग्याच्या हातात देत. उपचार मोफत. पैसे फक्त बाटलीचे.

मुलांनो, ती बाटली मी पहिल्यांदा पाहिली ती माझ्या सख्ख्या भावाच्या दुकानात.

माझा धाकटा भाऊ कुलूपवाला आहे. किल्ल्या बनवतो, अडलेली कुलपं उघडतो. त्याची खालची दाढ किडली, तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे फोटो काढून सांगितलं होतं, "कीड आतल्या नसेला जाऊन भिडली आहे. रूट कॅनाल करून घ्या, दाढ वाचेल." पण दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक किल्ली होईपर्यंत त्याला एकेक सल्ला देऊन गेलं. एकाने सांगितलं, नस ओढली की डोळा जातो. दुसऱ्याने सांगितलं, इतकं दुखतं की माणूस खुर्चीसकट उठतो. शेवटी भाऊ गेला गोदामात. किडे निघाले. आणि दोन-तीन दिवसांत ठणका खरोखरच थांबला.

झालं! बाटली गल्ल्याशेजारी मानाने विराजमान झाली. माणूस यायचा कुलूप घेऊन आणि जायचा प्रवचन ऐकून.

"अरे, पण फोटोत तर किडा दिसला नव्हता," मी म्हणालो.

"दादा, तुझं विज्ञान वर्गात ठेव. मी रात्र रात्र उशीला डोकं टेकवू शकत नव्हतो. आता बघ, टक टक!" त्याने बोटाने दाढ वाजवून दाखवली. "आहे तुझ्या विज्ञानाकडे उत्तर?"

दुखणारा माणूस एक वेळ ऐकतो. दुखायचं थांबलेला माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

काही आठवडे गेले. एका सकाळी भावाची बायको धापा टाकत दारात उभी.

"दादा, आधी चला. ह्यांचा गाल बघा. ताप आहे, तोंड धड उघडत नाही. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता घेऊन या. सूज गळ्याकडे उतरली, गिळायला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला, तर जिवावर बेतेल, तसं वाटलं तर वाटेत थांबूसुद्धा नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा. आणि हे निघालेत कुठे? तर त्या गोदामात!"

मी तिच्यामागोमाग त्यांच्या घरी धावलो. भाऊ पायरीवर बसून चपला चढवत होता. एका बाजूचा गाल असा, जणू आत लिंबू लपवलंय.

"एक राहिला असणार," तो दातांच्या फटीतून पुटपुटला. "सम्राट म्हणालेच होते. मादी राहिली की पुन्हा पिल्लं होतात."

"गिळता येतंय ना?"

"येतंय रे. आधी सम्राट. मग वाटलं तर तुझी डॉक्टरीण."

सहा फूट उंचीचा माणूस. उचलून नेता येण्यासारखा नव्हता. भांडण्यात वेळ जात होता, आणि तोच तर आमच्याकडे नव्हता. तेवढ्यात आतून आत्या आली. आमच्या वडिलांची बहीण, वयाने सगळ्यांत मोठी, जिभेने सगळ्यांत तरुण.

"गोदाम दवाखान्याच्या वाटेवरच आहे ना? चला. मीही येते. माझीही दाढ ठणकतेय मेली."

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. तिने एक डोळा बारीक केला. मी रिक्षा बोलावली.

गोदामात आत्याने म्हातारपणाचा पुरेपूर फायदा घेतला. "सरका रे बाबांनो, मला उभं राहवत नाही," म्हणत ती सगळ्यांच्या पुढे जाऊन परातीसमोर बसली. भावाला मी तिच्या शेजारीच उभं केलं.

"सम्राट, आधी तोंडात बघा तरी," आत्या म्हणाली.

"आजी, सम्राट डोकावत नाही!"

"एकदा बघा हो. नंतर म्हणाल, सांगितलं नाही."

"जगाचे सगळे वैद्य डोकावतात, म्हणून तर चुकतात! करा आ!"

चादर पडली. तडतड झाली. आत्या आत खोकत होती आणि बाहेर सम्राट रंगात आले होते. चादर निघाली आणि परातीत किड्यांची जत्राच जत्रा.

"बघा, बघा लोकहो! तीन पिढ्या नांदत होत्या आजींच्या तोंडात! डाव्या खालच्या दाढेत आजोबा, आणि पलीकडे नातवंडं!"

"कुठल्या दाढेत म्हणालात?" आत्याने डोळे पुसत विचारलं.

"डाव्या खालच्या!"

"हो का?" आत्याने तोंडात बोटं घातली, खालची कवळी काढली, मग वरची काढली, दोन्ही पदराने पुसल्या आणि सम्राटांच्या तळहातावर ठेवल्या. मग बोळक्या तोंडाने म्हणाली, "दाखवा बरं त्यांचं घर. मला भाडं वसूल करायचंय."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि गोदाम दणाणलं.

सम्राटांना घाम फुटला, पण पदवी उगीच नव्हती. "हिरड्यांतले! हिरड्यांतले किडे आहेत हे!"

"आत्ता तर दाढेतले होते!"

"कवळीतसुद्धा शिरतात कधी कधी..."

"मग बाटलीची पावती कवळीच्या नावाने फाडा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

हसू ओसरायच्या आत मी पुढे झालो. परातीतलं पाणी ओतून नवं भरलं, लाल चकती विटेवर ठेवली. "आता चादरीखाली कुणीच बसणार नाही. सम्राट, टाका औषध. मंत्रबिंत्र असेल तर तोही म्हणा, नंतर तक्रार नको."

"रोग्याशिवाय उपचार म्हणजे विद्येचा अपमान आहे!"

"टाका हो!" गाल बांधलेला एक माणूस पुढे सरसावला. "माझे पैसे गेलेत. मलाही बघू दे."

सम्राट हलले नाहीत. मग त्या माणसानेच सम्राटांच्या औषधाच्या पुडीतली चिमूट उचलून चकतीवर टाकली आणि चादर ओढली. तडतड झाली. चादर काढली. पाण्यावर पांढरी वेटोळी संथपणे तरंगत होती.

"हे कुणाचे?" मी विचारलं. "विटेची दाढ किडली होती का?"

माझा भाऊ खाली बसला. कुलपाच्या पोटातले बारीक खिळे बघायचं भिंग त्याच्या खिशात कायम असतं. त्याने एक किडा बोटावर घेतला आणि भिंगातून बराच वेळ पाहिला. मी पुडीतलं एक बी, मिरचीच्या बियाएवढं, ओलं करून नखाने अलगद चिरलं आणि त्याच्या दुसऱ्या बोटावर ठेवलं. आत पांढरं, बारीक, वेटोळं.

"दादा," तो तोंड जेमतेम हलवत म्हणाला, "हा किडा नाही. हा कोंब आहे."

इतकंच होतं ते. एका रानटी झाडाचं बी. प्रत्येक बियाच्या पोटात उद्याचं रोप अंग मुडपून झोपलेलं असतं. तापल्या लोखंडावर बी पडलं की साल तडकन फुटते आणि ते रोपटं उडून पाण्यात पडतं. करपलेलं टोक म्हणजे किड्याचं डोकं. चादर कशासाठी? उडताना कुणाला दिसू नये म्हणून. रोगी कशासाठी? बाटली विकत घ्यायला.

सम्राट कर्ण्याची वायर गुंडाळू लागले होते आणि लोक त्यांच्याभोवती जमू लागले होते. त्यांचं पुढे काय झालं ते बघायला आम्ही थांबलो नाही. भावाच्या अंगाला हात लावला तर चटका बसत होता.

रिक्षात तो एकच वाक्य बोलला. "किडा नव्हता, मग माझं दुखायचं थांबलं कसं?"

डॉक्टरीणबाईंनी आधी बाकी सगळं बाजूला ठेवलं. तोंड किती उघडतंय, गिळता येतंय का, श्वास कसा आहे ते तपासलं, भूल देऊन पू काढून टाकला, ताप उतरायची औषधं चालू केली. "वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "उद्यावर टाकलं असतं तर मी तुम्हाला इथे ठेवून घेतलंच नसतं, थेट हॉस्पिटलात पाठवलं असतं." भावाच्या बायकोने तेव्हा कुठे खुर्चीला पाठ टेकली.

मग भावाने तोच प्रश्न विचारला.

"दाढ म्हणजे दगड नाही," बाई म्हणाल्या. "तिच्या पोटात नस असते, रक्त असतं. कीड म्हणजे चालणारा किडा नव्हे. डोळ्यांना न दिसणारे जंतू दाढ पोखरत नेतात. ते नसेला भिडले की ती सुजते. चारही बाजूंनी टणक भिंती, सुजायला जागा नाही, म्हणून ती आकांत करते. तुम्ही झोपू शकत नव्हता, ते तेव्हा."

"आणि मग थांबलं ते?"

"मग नस मेली. मेलेला माणूस तक्रार करत नाही, म्हणून तो बरा झाला म्हणायचं का? तुम्ही किडे काढायला गेलात ते नेमके ती मरायच्या सुमाराला. श्रेय त्या किडेवाल्याने घेतलं आणि जंतू मुळातून खाली हाडात उतरत राहिले."

भावाने जिभेने दाढ चाचपली. मग हळूच म्हणाला, "नस ओढली की डोळा जातो म्हणतात."

"दाढेची वाट आणि डोळ्याची वाट वेगळी. भूल दिली की ती जागा बधीर होते. सूज असताना भूल कधी कमी चढते, तेव्हा हात वर करा, मी थांबेन, आणखी देईन. पण सहन करत बसायचं नाही." त्यांनी ट्रेमधली केसासारखी बारीक, पीळदार सुई दाखवली. "याने मुळाच्या नळ्या आतून घासायच्या, औषधाने धुवायच्या, भरून बंद करायच्या."

"ही तर कानस!" भावाचे डोळे चमकले. "याहून बारीक मिळते का?"

"मिळते. पण कुलपासाठी देणार नाही."

सूज उतरल्यावर काम सुरू झालं. पहिल्या बैठकीनंतर गाल सपाट, ताप नाही, दुखणं नाही. दुसऱ्या बैठकीच्या दिवशी मी त्याला न्यायला गेलो, तर हा पठ्ठ्या कानशीने किल्ली घासत बसलेला.

"दादा, आता कशाला? काही दुखत नाही. बाईंनी तर कमाल केली. चमत्कार!"

मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसलो. "बाई चांगल्या आहेत म्हणून त्यांना सम्राट करू नकोस. दुखत नाही, म्हणून बरं झालं, हेच तू मागेही म्हणाला होतास. दाढेत आता तात्पुरतं भरलेलं सिमेंट आहे. ते झिजेल, जंतू पुन्हा आत जातील. नळ्या कायमच्या बंद करायच्यात, वर टोपी बसवायचीय. नस गेलेली दाढ ठिसूळ होते, एक दिवस घास चावताना उभी चिरेल. अर्धी दुरुस्त केलेली वस्तू तू गिऱ्हाइकाला देतोस का?"

त्याने कानस खाली ठेवली. शटर ओढलं.

दवाखान्यात तो खुर्चीवर आडवा झाला, बाईंनी दिवा खाली ओढला, आणि त्याने एकदम हात वर केला.

"दुखतंय?" बाईंनी विचारलं. "अजून तर मी हातही लावला नाही."

"नाही. मला हातात एक आरसा द्या. काय करताय ते मला बघायचंय."

बाईंनी खणातला मोठा आरसा काढून त्याच्या हातात दिला. "इकडे धरा, थोडा तिरका. आता दिसतंय? ही एक नळी, ही दुसरी. आणि ही तिसरी, हिला मी अजून शोधतेय."

मुलांनो, उद्या तुमचंही काहीतरी दुखेल. कुणीतरी येऊन म्हणेल, डोळे मिटा, विश्वास ठेवा. तुम्ही डोळे उघडे ठेवा आणि म्हणा, दाखवा. ज्याला खरंच येतं, तो रागावत नाही. तो आरसा तुमच्या हातात देतो, आणि जे त्याला अजून सापडलं नाही तेही सांगतो.