मोटरहोमच्या मागे बांधायची गाडी

एकतीस वर्षं मी नेब्रास्कात शाळेची बस चालवली. एवढ्या वर्षांत एकही मूल हरवलं नाही, एकदाही बस रस्त्याखाली गेली नाही. आणि तरीही माझ्या पोटच्या मुलीला वाटतं की मला एक गाडी धड निवडता येत नाही. तसं वाटायला कारण आहे, हे मी कबूल करते. फक्त ते कारण मी नव्हते, लेलँड होता.

लेलँड माझा नवरा. काम संपल्यावर आम्ही राहतं घर विकलं आणि चाकांवरचं घर, म्हणजे मोटरहोम घेतली. हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात, उन्हाळा जिथे गार असेल तिथे. पण अख्खं घर घेऊन दूध आणायला जाता येत नाही. म्हणून आमच्यासारखे सगळेच मागे एक छोटी गाडी बांधतात आणि तिच्याच चार चाकांवर तिला ओढत नेतात. आम्हाला चारही चाकांना जोर देणारी हवी होती, कारण आमची कोरीन राहते कोलोरॅडोत, मँकॉस गावाच्या वर, चिकणमातीच्या रस्त्याच्या शेवटाला. मार्चमध्ये बर्फ वितळला की त्या रस्त्यावर माणूसही उभा राहत नाही.

गेल्या वर्षी लेलँडने विकणाऱ्याच्या गोड बोलण्याला भुलून एक चकचकीत गाडी घेतली. "न्यूट्रलला टाका नि ओढा," विकणारा म्हणाला. आम्ही ओढली. टुकमकेरी गावाच्या अलीकडे मला आरशात धूर दिसला. इंजिन बंद असताना त्या गाडीच्या गिअरबॉक्सला तेलच पोचत नव्हतं. आत सगळं करपून गेलं होतं. कोरीन सात तास गाडी चालवत आम्हाला न्यायला आली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने घरी जाऊन आमच्यासाठी गॅरेजच्या वरची खोली रंगवून घेतली.

यंदा मार्चच्या मध्यावर तिचा फोन आला.

"आई, ब्रेंटने तुमच्या मोटरहोमला गिऱ्हाईक बघितलंय. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी बघायला येतोय." ब्रेंट म्हणजे आमचा जावई.

"विकतोय असं कोण म्हणालं?"

"कुणीतरी म्हणायला हवं ना. तू सदुसष्टची, बाबांची पाठ ही अशी. खोली तयार आहे. पडदेसुद्धा शिवलेत मी."

पडदे ऐकून माझं डोकं फिरलं. "हे बघ," मी म्हटलं, "त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, दुपारी एक वाजता आम्ही तुझ्या दारात जेवायला. गाडी मागे बांधून मोटरहोम खाली गावापर्यंत, तिथून वर त्याच गाडीने, कुणालाही मदतीला न बोलावता. आलो, तर तुझा सोमवारचा माणूस येणार नाही आणि खोलीचा विषय कायमचा बंद."

"आणि वाटेत एक जरी फोन केलास तर?"

"तर मोटरहोमची किल्ली तुझ्या हातात."

फोन ठेवला आणि मला रडू आलं. कोरीनवर माझा जीव आहे. पण गॅरेजवरच्या खोलीत बसून, आज आपल्याला कोण कुठे नेईल याची वाट बघत दिवस काढणं मला जमणार नव्हतं. हाताशी दहा दिवस होते आणि मागे बांधायला गाडी नव्हती.

आम्ही तेव्हा ॲरिझोनात क्वार्टझाइटला होतो. तिथे हिवाळ्यात मोटरहोमची वस्ती पसरते आणि प्रत्येक वस्तीत एक सर्वज्ञ असतो. आमचा सर्वज्ञ ड्वाइट. तो दुसऱ्याच दिवशी लेलँडला घेऊन एक पांढरी गाडी दाखवायला गेला आणि मी मागोमाग गेले. चारही चाकांना जोर, गुळगुळीत रंग, गरम होणारी सीटं. लेलँड त्या सीटवर बसला आणि त्याने डोळेच मिटले.

"पाठीला काय बरं वाटतंय गं," तो म्हणाला.

"घेऊन टाका," ड्वाइट म्हणाला. "चारही चाकं फिरवते ती गाडी चारही चाकांवर ओढता येते. साधी गोष्ट आहे."

"पुस्तक कुठेय?" मी विचारलं.

"कसलं पुस्तक?"

"गाडीबरोबर येतं ते. जे कुणी वाचत नाही ते."

पुस्तक सीटसमोरच्या खणात होतं, वेष्टनसुद्धा फाडलेलं नव्हतं. मी चष्मा लावला आणि मोटरहोममागे ओढण्याचं पान काढून मोठ्याने वाचलं: ही गाडी चार चाकं जमिनीवर ठेवून ओढू नये.

"अहो, ते वकिलांनी लिहिलेलं असतं," ड्वाइट म्हणाला.

"मग टुकमकेरीला वकीलच जळाले असतील," मी म्हटलं. लेलँड गुपचूप सीटवरून उतरला.

पुढच्या चार दिवसांत मी नऊ गाड्यांची पुस्तकं वाचली. ड्वाइटने वस्तीभर माझं नाव 'लायब्ररी' करून ठेवलं. पाचव्या दिवशी रोझाल्बा ओचोआच्या दगडांच्या दुकानामागे मला ती दिसली. मोहरीच्या रंगाची, दोन दारांची, एका बाजूने चेपलेली, आत सगळीकडे खडे. रोझाल्बा तीस वर्षं तिच्यातून डोंगरात रंगीत दगड शोधत हिंडली होती. आता गुडघे साथ देईनात. गाडीत गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक बुटका दांडा होता. चाकांकडे ताकद जाऊ द्यायची की नाही, हे तो ठरवतो. त्यालाही स्वतःचा न्यूट्रल असतो. तो लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकीकडे, चाकं दुसरीकडे. मग हजार मैल ओढा, आत काहीही फिरत नाही. पुस्तकात हे सगळं लिहिलेलं होतं, पानावर कॉफीचा गोल डाग होता.

"ही?" लेलँड म्हणाला. "आर्डिथ, हिला तर कॅसेट लावायचं यंत्र आहे."

"तुझ्याकडे कॅसेट आहेत की."

रोझाल्बा मला म्हणाली, "ओढायला नेताय ना? मग एक सांगते. हा बुटका हट्टी आहे. लागला असं वाटतं, पण लागलेला नसतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि सीटखाली ओढायचा पट्टा आहे, तो गाडीबरोबर न्या. मला आता कोण खेचणार?"

ड्वाइट बघायला आला तेव्हा तो इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली. "आर्डिथ, हिला मोटरहोमच्या मागे नाही, आत लपवून न्या." मी त्याला सांगितलं की आत जागा नाही, पुस्तकं भरली आहेत.

शनिवारी सकाळी निघालो. दोन्ही गाड्यांमधला जोडदांडा लावणं, साखळ्या अडकवणं, दिव्यांची तार जोडणं ही लेलँडची कामं. त्याने सगळं केलं, बुटका दांडा ओढला आणि हात झटकले. "न्यूट्रल. चल, बस."

"एक मिनिट."

"आर्डिथ, मी टाकलाय म्हणतोय ना. तुझा माझ्यावर काडीचा विश्वास उरलेला नाही."

बस चालवणाऱ्या प्रत्येकाला एक सवय लागते. शेवटचं मूल उतरलं तरी मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघायचं, कुणी झोपून राहिलं नाही ना. कितीही उशीर झाला तरी. ते अविश्वासाने करत नाहीत. मी मोहरी गाडीत बसले, इंजिन चालू केलं, गिअरचा मोठा दांडा पुढे टाकला आणि ब्रेकवरचा पाय किंचित उचलला. न्यूट्रल असता तर ती जागची हलली नसती. ती पुढे सरकली आणि जोडदांडा करकरला.

लेलँडचा चेहरा पांढरा पडला. असेच निघालो असतो तर तीस मैलांत पुन्हा धूर दिसला असता. तो खिडकीशी येऊन नुसता उभा राहिला. मी बुटका दांडा परत घेतला आणि पुन्हा जोराने ओढला, आणि या खेपेला तो खटकन बसला. मोठा दांडा पुढे टाकून पाहिला, मग मागे. गाडी ढिम्म. तेव्हाच मी इंजिन बंद केलं, मोठा दांडा पार्कला लावला, हँडब्रेक उतरवला आणि दार लावलं.

फीनिक्सच्या पुढचा चढ मोठा आहे. मोटरहोम धापा टाकत चढली आणि मी आरशातून नजर हलवली नाही. वर सनसेट पॉइंटच्या थांब्यावर थांबलो आणि मी उतरून मागच्या गाडीच्या प्रत्येक चाकाला उलटा हात लावला. हात भाजला तर काहीतरी बिघडलंय. फ्लॅगस्टाफला थांबलो तेव्हा मी सीटचा पट्टा सोडेपर्यंत लेलँड उतरलासुद्धा होता. पाठीवर हात धरून, वाकून, एकेका चाकापाशी जात होता.

"थंड आहे," तो म्हणाला. "चारही थंड आहेत, आर्डिथ." मला त्या माणसाबद्दल त्या क्षणी एवढी माया दाटून आली की मी पार्किंगमध्येच त्याचा मुका घेतला.

रात्र केयेंटाला काढली आणि रविवारी साडेअकराला मँकॉसमध्ये पोचलो. मोटरहोम गावातल्या पटांगणात उभी केली, मोहरी गाडी चार मिनिटांत सोडली आणि वर निघालो. रस्ता म्हणजे नुसता चिखल होता. मी बुटका दांडा सर्वांत हळू, सर्वांत ताकदीच्या गिअरला टाकला आणि ती गाडी चेपलेल्या दारासकट चिखलातून म्हशीसारखी निवांत चालत राहिली.

दुसऱ्या वळणावर एक गाडी नाक चरात घालून बसली होती आणि शेजारी गुडघाभर चिखलात आमचा जावई.

"अरे ब्रेंट, इथे काय करतोस?" मी काच खाली केली.

"तुम्हाला घ्यायला निघालो होतो," तो म्हणाला. "कोरीन म्हणाली, त्यांना वर येता येणार नाही. माझीपण चारही चाकांवर चालते, पण..." त्याने खिशातून फोन काढला. "थांबा, ट्रॅक्टरवाल्याला बोलावतो."

"फोन ठेव," मी म्हटलं. "आज या रस्त्यावरून मदतीला कुणीही फोन करायचा नाही. लेलँड, सीटखालचा पट्टा काढ."

त्याच्या गाडीला वळसा घालून मी थोडी वर गेले आणि लेलँडने पट्टा तिच्या मागच्या बाजूला बांधला. मी इंचाइंचाने पुढे गेले, पट्टा ताणला, चाकांनी चिखल उडवला आणि मग पकडलं. ब्रेंटची गाडी चरातून बाहेर आली. तिला वळवायला तिथे जागा नव्हती आणि तिची चाकं नुसती घसरत होती, म्हणून मी तिला तशीच बांधून उलटी वर नेली. ब्रेंट स्टिअरिंग धरून आमच्याकडे पाठ करून बसला होता. लेलँड हसून हसून पाठ दुखते म्हणत होता.

एक वाजायला दहा मिनिटं होती. कोरीन पायऱ्यांवर आली. तिने आधी मोहरी गाडी पाहिली, मग पट्टा, मग पट्ट्याच्या टोकाला नवरा.

"मोटरहोम?" तिने विचारलं.

"खाली पटांगणात. ठणठणीत."

"फोन कुणी केला?"

"तुझा नवरा करणार होता," लेलँड म्हणाला. "आईने करू दिला नाही."

ब्रेंट बूट काढत म्हणाला, "कोरीन, त्या माणसाला सांगून टाक, येऊ नको म्हणावं."

ती आत गेली. आम्हाला आतून तिचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं, थोडकंच. परत आली तेव्हा तिच्या एका हातात त्या खोलीचे निळे पडदे होते, दुसऱ्यात कात्री.

"आई," ती म्हणाली, "मोटरहोमच्या मागच्या खिडकीचं माप काय आहे?"