सुपावरचे सहा शब्द

मी एक जुनं सूप आहे. हसू नका, मित्रांनो. माझी कड उसवली आहे, पोट काळवंडलं आहे, पण मला अडगळ म्हणाल तर ऐकून घेणार नाही. माझं सगळं आयुष्य बायकांच्या हातात गेलं, म्हणून मी बायकांसारखीच बोलते, आणि बोलायला लागले की थांबत नाही.

इंदापूरच्या बाजारात एका बुरडिणीनं मला विणलं. तिथून मी काटेवाडीला सरुबाईच्या घरी आले. सरुबाईच्या माहेरी मेंढरं होती. सासरी मात्र कालव्याच्या पाण्यावर कांदा आणि वांगी. तिला पहिली मुलगी झाली तेव्हा रीतीप्रमाणे बाळाला आधी माझ्यात निजवलं. नाव ठेवलं सारजा, तिच्या आजीचं. सासूचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? म्हणून सरुबाई लेकीला जन्मभर 'बाय' म्हणत आली.

पुढची सोळा वर्षं मी बाजरी पाखडली, जोंधळा पाखडला, मटकीतले खडे वेगळे काढले. माझ्या तावडीतून फोल कधी सुटलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. खरं आहे म्हणून सांगते.

शहाण्णव सालच्या जूनमध्ये सारजा दहावीला नापास झाली. बाकीचे सगळे विषय सुटले, एकट्या इंग्रजीनं तिला अडवलं. त्याच आठवड्यात माझी वीण सैल होऊन बारीक धान्य गळायला लागलं. सरुबाईनं चिंचोक्याची खळ शिजवली, कोनाड्यातली एक वही फाडली आणि तिची पानं माझ्या पोटावर चिकटवली. नापास झालेल्या विषयाची वही म्हणजे रद्दीच, असं तिला वाटलं.

संध्याकाळी सारजा रानातून आली आणि मला बघून मटकन खाली बसली.

"आये, ही माझी इंग्रजीची वही! आक्टोबरला परत बसायचं हाय मला!"

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय?"

"इचारलंस का तू?"

तिनं नखानं कागद उचकटायला घेतला. सरुबाईनं तिच्या हातावर चापट मारली. "वढू नगंस. कागद बी जाईल आन सूप बी. काय लिवलंय त्ये वाच की."

सारजानं डोळे पुसून वाचलं. वरच्या पानावर सहा शब्द होते. राइट म्हणजे बरोबर, लाइट म्हणजे उजेड, नाइट म्हणजे रात्र, साइट म्हणजे नजर, टाइट म्हणजे घट्ट, फाइट म्हणजे लढाई. सरांनी मुद्दाम एकाखाली एक लिहून दिले होते. पण सारजा प्रत्येक शब्द नवा, परका समजून पाठ करायची आणि चार दिवसांत विसरायची.

सरुबाईला अक्षर येत नव्हतं. तरी तिनं सगळ्या शब्दांच्या शेवटावरून बोट फिरवलं. "ह्ये शेपूट तर समद्यांचं एकच हाय."

"व्हय. शेवटची चार अक्षरं सारखीच. आय, जी, एच, टी."

"मग ही एका कळपाची मेंढरं की गं! माझ्या बापाच्या समद्या मेंढरांच्या कानाला एकच खूण असायची. खूण कळपाची, तोंड ज्याचं त्याचं. दीडशे मेंढरं मी तोंडावरनं वळखायची. तुला सा वळखंनात?"

मित्रांनो, त्या दिवसापासून मी शाळा झाले. सारजा पाखडायची आणि सरुबाई समोर बसून शब्दावर बोट ठेवायची. "ह्यो कोण?" "लाइट. उजेड." "आन ह्यो?" सारजा अडखळली की आई म्हणायची, "वळख, बाय. मेंढरू तुझंच हाय." मग सारजा खडूनं माझ्या पाठीवर नवे कळप लिहू लागली. एका कळपात बॉल, वॉल, टॉल, कॉल. पुसायचे आणि दुसरे मांडायचे. आईनं ते सगळे तोंडपाठ केले, कारण लेक चुकली तर पकडायची होती.

श्रावणात वरकुट्याहून मोहनराव आले. हे सारजाच्या वडिलांचे, जोतीरामचे, मामेभाऊ. त्यांनी सारजासाठी स्थळ आणलं होतं. तुळशीचं लग्न झालं की बार उडवायचा, असा त्यांचा बेत होता. जोतीरामही राजी होता. नापास पोरीनं कॉलेजचं नाव काढू नये, असं तो म्हणायचा.

मोहनरावांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. "वहिनी, आता इंग्रजी पाखडताय व्हय?"

"पाखडल्याबिगर फोल कुठलं आन दाणा कुठला, कसं कळायचं, भावजी?"

"पोरगी एकदा नापास झालीया."

"एका परीक्षेत. आयुष्यात न्हाय. निकाल लागल्याबिगर ह्या घरात सुपारी फुटायची न्हाय."

"आन परत नापास झाली तर?"

"मग मी सोता तिला हळद लावीन. पण आदी परीक्षा."

जोतीराम टोपी घालून रानाकडे निघाला. मी सरुबाईच्या मांडीवर होते. तिनं मला उचललं आणि पुन्हा पाखडायला घेतलं.

सारजानं ऑक्टोबरमध्ये बारामतीला जाऊन परीक्षा दिली. निकाल लागला तेव्हा तिला इंग्रजीत एकेचाळीस गुण होते. मोहनरावांचं स्थळ परत गेलं आणि पुढच्या जूनपासून सारजा कॉलेजच्या एसटीत बसू लागली.

माझं पुढं काय झालं? जे सगळ्यांचं होतं तेच. भवानीनगरच्या दुकानातून चकचकीत पत्र्याचं सूप आलं. मी गोठ्यात पडले. कोंबड्या माझ्यावर बसत. एका थंडीत, सकाळी पाणी तापवायला जोतीरामनं मला उचललं आणि बंबापाशी नेलं.

"ठिवा त्ये खाली," सरुबाई म्हणाली.

"अगं, फाटकं सूप हाय. काय करायचंय?"

"जाळायचं तर जाळा. पण आदी वाचून दावा."

जोतीराम चौथी शिकलेला. त्याला इंग्रजी अक्षर लागेना. मग सरुबाई पुढं झाली. तिनं माझ्या पोटावर बोट ठेवलं आणि वरून खाली फिरवलं. "राइट, बरोबर. लाइट, उजेड. नाइट, रात्र. साइट, नजर. टाइट, घट्ट."

बोट माझ्या कडेपाशी आलं. तिथं धरून धरून कागद गुळगुळीत झाला होता. शाईचा एक ठिपकाही उरला नव्हता.

"हितं तर कायच न्हाय," जोतीराम म्हणाला.

"हाय. फाइट. माझ्या अंगठ्यानं पुसलं, म्हणून काय गेलं न्हाय."

तान्हं बाळ द्यावं इतक्या हळू त्यानं मला तिच्या हातात दिलं. आता मी स्वयंपाकघरातल्या खुंटीवर आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी हात जोडून सांगणार नाही. हात मला नाहीतच. एवढंच सांगते: तुमच्या घरातलं जुनं काही बंबात घालायला उचललंत, तर आधी त्याच्यावर काय लिहिलं आहे ते वाचा. आणि काहीच दिसलं नाही, तर ज्या बाईच्या अंगठ्यानं ते पुसलं गेलं, तिला विचारा.