वाळत घातलेला टॉवेल

मित्रांनो, माझ्या अंगावर कायम काहीतरी वाळत घातलेलं असतं म्हणून मला दांडी समजू नका. मी एक जुना वॉकर आहे, मुलुंडच्या एका इस्पितळातला. अंधेरीच्या कारखान्यात माझ्या नळ्या वाकवल्या, पायांत रबरी बूट चढवले, तेव्हा वाटलं होतं, आपण माणसांना चालवणार. पूर्वी चालवलंही. मार्तंडकाका नावाचे एक तापट गृहस्थ मला शिव्या देत देत स्वतःच्या पायांनी लिफ्टपर्यंत गेले आणि जाताना माझ्या मुठीवर थोपटून गेले. तेवढं कौतुक मला अजून पुरतंय.

मग कांजूरमार्गच्या वनमालाबाई आल्या. मोरीत पडून खुबा मोडला होता. ऑपरेशन छान झालं. दुसऱ्याच दिवशी व्यायाम करून घेणारी गार्गी मला त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, "मावशी, दुखेल थोडं, पण उभं राहायचं. पडून राहिलात तर छातीत कफ भरेल."

"माका चालाकच होया," वनमालाबाई म्हणाल्या. त्यांनी मला धरलं आणि त्यांचा भार माझ्यावर आला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

इतक्यात त्यांचा मुलगा राजेश पेजेचा डबा घेऊन आला. आईचा कळवळलेला चेहरा बघून त्याने त्यांना अलगद उचललं आणि परत झोपवलं. "आये, तू पडान रव. मी आसंय मा."

गार्गी रोज यायची आणि तो रोज म्हणायचा, "आज नको, उद्या बघू." भेटायला येणारे गाववाले म्हणायचे, "असो झील नशिबान गावता." मुलाच्या त्या कौतुकाने तर वाटच लागली. आईचं सगळं तो अंथरुणातच करायचा आणि त्यांचा ओला टॉवेल माझ्यावर वाळत घालायचा. मी हातभर अंतरावर उभा होतो. तोंड असतं तर ओरडलो असतो.

व्हायचं तेच झालं. कफ भरला, ताप चढला. आता राजेशच म्हणू लागला, "आये, ऊठ गो. वायच बस तरी." पण वनमालाबाईंच्या अंगात उठायचं त्राण उरलं नव्हतं.

त्या गेल्या त्या दिवशी तो सामान न्यायला आला. माझ्यावरचा टॉवेल काढता काढता त्याने मलाच दोन्ही हातांनी धरलं आणि अंगाचा सगळा भार माझ्यावर टाकला. आईला चालवायचं राहून गेलं, मी त्याचा भार पेलला.

मित्रांनो, माया करा, पण आपल्या माणसाला उभं राहू द्या. हे कुणी ऐकेल असं मला आता वाटत नाही. त्या खाटेवर आज नवे आजोबा आलेत आणि त्यांच्या सुनेने आल्या आल्या माझ्यावर पंचा वाळत घातलाय.